चेंडूमागे दोघे पाण्यात: नदीकाठच्या अकरा मिनिटांचं प्रकरण

हे एखाद्या घडलेल्या घटनेचं वार्तांकन नाही. शाळकरी मुलांच्या नदीवरच्या अपघातांत ज्या गोष्टी पुन्हापुन्हा दिसतात, त्या एका प्रसंगात गुंफून हे प्रकरण रचलं आहे. शिक्षकांनी आणि पोहण्याच्या प्रशिक्षकांनी ते १३ ते १७ वयाच्या मुलांसमोर मांडावं, त्यावर भांडू द्यावं आणि मग मैदानावर सराव घ्यावा, असा हेतू आहे. अंतरं, वेग आणि वेळा एकमेकांशी जुळतील अशा ठेवल्या आहेत. मुलं त्यावर गणित करू शकतात आणि त्यांनी ते करावंच.

प्रसंग

परीक्षेचा शेवटचा पेपर झाला आहे. दुपार, कडक ऊन. पाच जण नदीवर येतात. घरी कुणी सांगितलेलं नाही. अ (१५, मुलगा) याला पोहता येत नाही, पण कमरेइतक्या पाण्यात तो नेहमी डुंबतो. ब (१६, मुलगा) तरणतलावात ५० मीटर साधारण ७५ सेकंदांत जातो, म्हणून मित्रांत पट्टीचा पोहणारा. क (१४, मुलगी) हिला पोहता येत नाही. ड (१५, मुलगा) पाण्याला घाबरतो. तो सगळ्यांचे फोन आणि दप्तरं घेऊन काठावर बसतो. ई (१६, मुलगी) थोडंफार पोहते.

नदी तिथे ४० मीटर रुंद आहे आणि वळण घेते. मुलांनी वळणाची आतली बाजू निवडली आहे. निवड अडाणी नाही: आतल्या बाजूला प्रवाह मंद असतो, वाळू साचते, पाणी उथळ राहतं. काठापासून ६ मीटरपर्यंत पाणी गुडघ्याखालीच आहे. त्यापुढे मात्र वाळू उपसलेली आहे आणि तळ एकदम ३ मीटर खोल जातो. पाणी गढूळ असल्यामुळे ही कड वरून दिसत नाही. मधल्या धारेचा वेग सेकंदाला ०.८ मीटर. खाली १५० मीटरवर एक बंधारा आहे, त्यावरून वीतभर पाणी सांडतं आहे. मुलांना तिथला आवाज ऐकू येतो आणि तो आवडतोही.

०:०० चेंडू पाण्यात पडतो आणि धारेकडे सरकू लागतो.
०:१५ अ त्याच्यामागे निघतो. पाणी पोटरीपर्यंत, मग गुडघ्यापर्यंत.
०:२५ पायाखालची वाळू ढासळते. अ खड्ड्यात जातो, वर येतो. पाय टेकत नाहीत.
०:२५ ते ०:५० अ चं तोंड पाण्याच्या पातळीवर वरखाली होतं. तो ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही. क हसते, तिला वाटतं, हा नाटक करतोय.
०:५० ब जीन्ससकट पाण्यात उडी घेतो.
१:०५ ब पोचतो. अ त्याच्या गळ्याला मिठी मारतो. दोघे खाली जातात.
१:२५ ब खाली बुडी मारून सुटतो आणि धारेत ओढला जातो. अ दिसेनासा होतो.
१:४० ड फोन करतो, आपल्या मोठ्या भावाला. 'कुठे आहात?' 'नदीवर.' 'नदीवर कुठे?'
१:२५ ते २:१० ब सरळ काठाकडे, म्हणजे प्रवाहाला तिरपं वर, पोहायचा प्रयत्न करतो. दमतो. शेवटी उताणा पडतो.
२:५० ब ची पाठ खाली ७० मीटरवर वाळूला लागते.
३:०० ई पळत जाऊन लांब काम करणाऱ्या तीन मोठ्या माणसांना बोलावते. ती बांबू घेऊन येतात.
५:३० अ खड्ड्यातच सापडतो. बाहेर काढतात. श्वास नाही.
५:३० ते ७:३० त्याला पालथा घालून पोट दाबलं जातं, पाय धरून उलटं केलं जातं.
७:३० प्रथमोपचार शिकलेला एक माणूस येतो. आधी पाच श्वास देतो, मग छातीवर दाब.
९:०० अ खोकतो, श्वास सुरू होतो.
११:०० रुग्णवाहिकेला पहिला फोन जातो.

अ वाचतो, काही दिवस रुग्णालयात राहून घरी जातो. ब ला कुणी तपासत नाही. तो ओल्या कपड्यांत घरी जातो आणि काही सांगत नाही.

पहिला प्रश्न कुणाविषयी विचारायचा

वर्गात हे वाचून झालं की मुलं लगेच म्हणतात: अ ने जायलाच नको होतं. खरं आहे, पण त्यातून शिकायला फारसं मिळत नाही. पाणी धोक्याचं असतं हे अ ला माहीत होतं. 'नदीवर जाऊ नका' हे त्याने पहिलीपासून ऐकलं आहे. तो खोल पाण्यात गेलाच नव्हता. तो गुडघाभर पाण्यात होता आणि खोल पाणी त्याच्या पायाखाली आलं.

आमचं म्हणणं असं: किशोरवयीन मुलांना पाण्याची सुरक्षितता शिकवताना बहुतेक वेळ पाण्यात असणाऱ्यावर खर्च होतो, आणि तो काठावर असणाऱ्यावर व्हायला हवा. या प्रकरणात पाण्यात उतरलेल्या दोघांकडे करण्यासारखं फार थोडं उरलं होतं. क, ड आणि ई या तिघांकडे मात्र मिळून पाच मिनिटं होती, आणि त्यांना त्या पाच मिनिटांत काय करायचं ते कधी कुणी शिकवलंच नव्हतं. ०:२५ ते १:२५ हा एक मिनिट तर सगळ्यांत मोलाचा. अ त्या वेळी काठापासून जेमतेम ८ मीटरवर होता. १५ मीटरची दोरी आणि एक रिकामा डबा एवढ्यावर तो प्रसंग तिथेच संपला असता.

दुसरीकडे, ब ची उडी ही प्रकरणातली सगळ्यांत धाडसी आणि सगळ्यांत घातक कृती. एकाऐवजी दोन जीव धोक्यात आले आणि काठावरचा सगळ्यांत सशक्त माणूस कमी झाला. एकामागोमाग एक असे दोन-तीन जण बुडतात ते याच वाटेने. मुलांसमोर ब ला मूर्ख ठरवू नका. तो मित्रासाठी गेला, आणि वर्गातल्या प्रत्येकाला मनातून ब च व्हायचं असतं. त्याला मित्रासाठी करण्याजोगं दुसरं काही द्यावं लागतं, नुसतं 'उडी मारू नकोस' पुरत नाही.

बुडणारा ओरडत का नाही

हा भाग सविस्तर घ्या, कारण क चं हसणं इथून आलं. फ्रँक पिया या अमेरिकी जीवरक्षकाने बुडणाऱ्यांच्या हालचालींचा अभ्यास करून दाखवलं की खरं बुडणं शांत असतं. तोंड पाण्यावर येतं तेवढ्या क्षणात श्वास सोडून घ्यायचा असतो. ओरडायला हवा उरत नाही. हात आपोआप बाजूंना पसरून पाणी खाली दाबतात, त्यामुळे ते वर करून हलवणं जमत नाही. शरीर पाण्यात उभं राहतं, पाय मारले जात नाहीत. ही अवस्था साधारण २० ते ६० सेकंद टिकते. पुढे माणूस खाली जातो.

शिकवताना एका मुलाला बुडण्याचा अभिनय करायला सांगा. तो हात उंचावून 'वाचवा, वाचवा' करेल आणि वर्ग हसेल. मग दुसऱ्याला खरं चित्र करायला लावा: हनुवटी वर, तोंड उघडं, नजर हरवलेली, केस डोळ्यांवर, हात बाजूला खाली दाबणारे, आवाज नाही. दोन्ही अभिनय शेजारी शेजारी दाखवले की फरक डोक्यात बसतो. आणि एक नियम द्या: शंका आली की नाव घेऊन विचारायचं, 'अरे, ठीक आहेस का?' उत्तर आलं तर ठीक. उत्तर आलं नाही तर नाटक आहे की खरं याचा विचार करत बसायचं नाही, वस्तू फेकायची. नाटक निघालं तर नाटक करणाऱ्याच्या डोक्यात डबा बसेल, एवढंच.

पाण्याचं गणित

किशोरांना 'प्रवाह जोरात असतो' हे सांगून काही होत नाही, आकडा दिला की होतं. ब चा तलावातला वेग काढायला लावा: ५० भागिले ७५, म्हणजे सेकंदाला सुमारे ०.६७ मीटर. धारेचा वेग ०.८. म्हणजे ब पूर्ण जोर लावून वर पोहला तरी मागेच जाणार, तेही तलावातल्या पोशाखात आणि ताजातवाना असताना. इथे तो भिजलेल्या जीन्समध्ये होता आणि नुकताच झटापटीतून सुटला होता.

वेग मोजणं सोपं आहे. काठावर १० मीटर अंतर मोजून दोन खुणा करायच्या, वरच्या खुणेपाशी काडी टाकायची आणि खालच्या खुणेला पोचायला किती सेकंद लागतात ते बघायचं. १० सेकंद लागले तर वेग सेकंदाला १ मीटर. हे मोजताना काठापासून दोन पावलं मागेच राहायचं, काडी फेकायची. काठाजवळची काडी आणि मधली काडी यांत मोठा फरक येतो. तो फरकच दाखवायचा असतो.

वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. म्हणून 'मागच्या वेळी इथूनच गेलो होतो' या वाक्याला अर्थ नसतो. वरच्या धरणातून विसर्ग वाढला, वर कुठे पाऊस झाला, तर त्याच उतारावर गुडघाभर पाणीही पाय उचलतं. पाण्याचा रंग अचानक गढूळ होणं, काडीकचरा आणि फेस वाहून येणं, मघाशी कोरडा असलेला दगड ओला दिसणं, यांपैकी एक दिसलं तरी बाहेर पडायचं. धरणाचा भोंगा वाजल्यावर सामान गोळा करत बसायचं नाही.

खोलीचा अंदाजही डोळ्यांवर सोडता येत नाही. स्वच्छ पाण्यात सरळ वरून पाहिलं तर २ मीटर खोली सुमारे दीड मीटर वाटते. तिरकं पाहिलं तर त्याहूनही कमी. बादलीत नाणं टाकून हे दोन मिनिटांत दाखवता येतं. गढूळ पाण्यात तर काहीच दिसत नाही. उलटा धोकाही आहे: खोल समजून सूर मारला आणि तळ मीटरभरावर निघाला, तर मान मोडते. अनोळखी पाण्यात डोकं खाली घालून जायचंच नाही. आधी कुणी उडी मारली होती, एवढ्यावर विसंबायचं नाही, कारण वाळू आणि ओंडके जागा बदलतात.

बंधाऱ्याचा मुद्दा या प्रकरणात टळला, पण थोडक्यात. बुटक्या बंधाऱ्याखाली पडणारं पाणी तळाशी जाऊन पुन्हा वर येतं आणि पृष्ठभागावरून उलटं बंधाऱ्याकडेच वळतं. त्यात सापडलेला माणूस गोल गोल फिरत राहतो, आणि फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने तरंगायला आधारही कमी मिळतो. उंची कमी, पाणी वीतभर, म्हणून तो निरुपद्रवी दिसतो. धबधब्याला मुलं घाबरतात, याला घाबरत नाहीत. बंधाऱ्याच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही बाजूंना पाण्यात उतरायचं नाही, यात सूट नाही.

ब कसा वाचला

दोन गोष्टींनी, आणि दोन्ही त्याने योगायोगाने केल्या. मिठी पडल्यावर तो खाली गेला. बुडणाऱ्याला वर राहायचं असतं, त्यामुळे आपला आधार खाली जाऊ लागला की तो सोडतो. हे मुलांना सांगा, पण त्याचा सराव घेऊ नका. सराव घेतला की मुलांना वाटतं, आता आपल्याला जवळ जायला हरकत नाही.

दुसरं, तो लढायचं थांबून उताणा पडला. याचा सराव मात्र भरपूर घ्या. डोकं मागे, कान पाण्यात, हनुवटी आकाशाकडे, हात बाजूंना हळू फिरवत, किमान ६० ते ९० सेकंद. पाणी थंड असेल तर हा काळ फार महत्त्वाचा: १५ अंशांखालच्या पाण्यात अचानक पडलं की धाप लागते, श्वासावर ताबा राहत नाही, आणि पहिली एक-दोन मिनिटं तशीच जातात. त्यात पोहायला गेलं तर पाणी नाकातोंडात जातं. तरंगत ती मिनिटं काढली की श्वास आवाक्यात येतो. बाहेर ऊन कितीही असो, धरणाच्या तळातून सोडलेलं पाणी थंडच असतं.

वाहत्या पाण्यात उताणं असताना पाय पुढे, म्हणजे वाहत जायच्या दिशेला, आणि पायाची बोटं पाण्याबाहेर दिसली पाहिजेत. दगड आला तर पायाने ढकलता येतो. गुडघ्यापेक्षा खोल वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही: पाऊल दोन दगडांत अडकतं आणि मागून येणारं पाणी माणसाला पालथं घालून दाबून धरतं. तळ पाठीला लागला की मगच उठायचं. काठाकडे जाताना प्रवाहाशी सरळ भांडायचं नाही. वाहत वाहत तिरपं सरकायचं आणि वळणाच्या आतल्या बाजूची वाळू गाठायची. ब ला ती वाळू बंधाऱ्याच्या ८० मीटर आधी मिळाली. त्या वेगाने बंधारा आणखी १०० सेकंदांवर होता.

काठावरच्यांचा सराव

क्रम असा: आवाज द्या, काठी पुढे करा, वस्तू फेका, मदत बोलवा. पाण्यात उतरणं या यादीत नाही.

साहित्य ३० मुलांसाठी: तरंगणारी पॉलिप्रॉपिलिनची दोरी ८ ते १० मिलिमीटर जाडीची, १५ मीटरचे पाच तुकडे, घट्ट झाकणाचे ५ लिटरचे सहा डबे, ३ मीटरचे तीन बांबू, जमिनीवर आखायला चुना. नायलॉनची दोरी बुडते, ती नको. बारीक सुतळी ओल्या हातातून निसटते आणि तळवा कापते.

एवढा लहान डबा पुरेल का, असं मुलं हमखास विचारतात. प्रत्येक लिटर हवा सुमारे १ किलोचा उचल देते, म्हणजे ५ लिटरचा बंद डबा जवळजवळ ५ किलो. पोहणाऱ्यांसाठीच्या साध्या तरंगजाकिटाचा आधारही एवढाच असतो. पाण्यात शरीराचं वजन जवळपास नाहीसं होतं. आधार लागतो तो तोंड पाण्यावर ठेवण्यापुरता. मात्र डबा छातीशी धरून त्यावर झुकायचं, त्यावर चढायचं नाही, हे बुडणाऱ्याला काठावरून ओरडून सांगावं लागतं.

पूर्ण रिकामा डबा वाऱ्याने भरकटतो आणि पाच-सहा मीटरच्या पुढे जात नाही. त्यात अर्धा लिटर पाणी घाला, वजन येतं आणि उचल फारसा घटत नाही. झाकण बंद आहे का ते फेकण्याआधी बघायचं; सरावात ही चूक जवळजवळ प्रत्येक गटात दिसते.

मैदानावर १० मीटरवर २ मीटर रुंदीचा पट्टा आखा. प्रत्येकाला किमान २० फेकी करू द्या. डबा माणसाच्या अंगावर न फेकता त्याच्या डोक्यावरून पलीकडे टाकायचा, म्हणजे दोरी त्याच्या खांद्यावर पडते. माणूस वाहत असेल तर तो आत्ता आहे तिथे नेम धरून चालत नाही, दोन-तीन सेकंदांनी असेल तिथे धरायचा. त्यासाठी एका मुलाला पट्ट्यातून चालत जायला लावा.

दोरीचं दुसरं टोक कुणाच्याही मनगटाला बांधायचं नाही, हाताला गुंडाळायचं नाही. ओढ बसली की फेकणारा पाण्यात जातो. टोकाला गाठ मारून ती पायाखाली दाबायची. फेकून झालं की लगेच खाली बसायचं, टाचा रोवायच्या, मागचा मित्र कमरेला धरेल. पकडलेला माणूस प्रवाहामुळे आपोआप काठाकडे झुलत येतो, जोराने खेचलं तर त्याच्या हातून दोरी सुटते. काठी पुढे करताना तर आडवंच पडायचं, छाती जमिनीला.

पहिला नेम चुकला की काय होतं ते बघा. मुलगा दोरी नीट वेटोळी करत बसतो आणि त्यात ३०-४० सेकंद जातात. दुसऱ्या फेकीचा वेगळा सराव घ्या: भराभर पायाशी ओढून घ्यायची, सैल ढिगातूनच पुन्हा फेकायची. लक्ष्य, पहिल्या आरोळीपासून २० सेकंदांत पहिली फेक आणि पुढच्या २० सेकंदांत दुसरी. अवघड आहे, पण मैदानावर दोन तासांत बहुतेकांना जमतं. दोरी नसेल तर ओढण्या, पट्टे, बांधलेले शर्ट, फुटबॉल, झाकण लावलेल्या रिकाम्या पाण्याच्या बाटल्यांनी भरलेलं दप्तर, जे असेल ते. या प्रकरणात काठावर पाच दप्तरं होती.

ड चा फोन हा स्वतंत्र धडा. घाबरलेला मुलगा ओळखीच्या माणसाला फोन करतो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण आपत्कालीन क्रमांक आधी. नदीवर बसल्या बसल्याच, काही होण्याआधी, एकाने मोठ्याने सांगायचं: आपण कुठे आहोत, कोणत्या पुलाच्या वर की खाली, कोणत्या काठाला, गाडी कुठवर येते. फोनवरचं नकाशातलं ठिकाण पाठवता येतं का तेही बघून ठेवायचं. सरावात दोघांना पाठीला पाठ लावून बसवा. एक फोन करणारा, एक ऐकणारा. ऐकणाऱ्याने फक्त ऐकून कागदावर जागा काढायची. पहिल्या खेपेला नकाशे फार मजेदार येतात.

बाहेर काढल्यावरची दोन मिनिटं

५:३० ते ७:३०. पोट दाबणं, उलटं टांगणं, गरगर फिरवणं याने फुप्फुसातलं पाणी निघत नाही; निघतं ते पोटातलं, आणि तेच श्वासनलिकेत जाऊ शकतं. बुडालेल्याला पाण्याने मारलेलं नसतं, हवा न मिळाल्याने तो त्या स्थितीत असतो. म्हणून इथे आधी श्वास. कठीण सपाट जागेवर उताणा ठेवा, डोकं मागे, हनुवटी वर. प्रतिसाद नाही आणि नीट श्वास नाही असं दिसलं की नाक चिमटीत धरून तोंडाने पाच श्वास, प्रत्येकी एक सेकंद, छाती उचललेली दिसेल इतका. मग छातीच्या मधोमध ३० दाब, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने, मोठ्या शरीरात ५ ते ६ सेंटिमीटर खोल. मग दोन श्वास. मग पुन्हा ३०. काही ठिकाणी सुरुवातीला दोनच श्वास शिकवतात. तुमच्या प्रशिक्षकाची पद्धत असेल ती धरा, पण श्वास वगळू नका. तोंडातून फेस येत राहिला तरी पुसत बसायचं नाही. उलटी झाली तर कुशीवर वळवून तोंड साफ करायचं आणि पुन्हा सुरू.

हे पुस्तकातून येत नाही. बाहुली हवी आणि शिकवायचं प्रमाणपत्र असलेला माणूस हवा. ते मिळेपर्यंत उशीवर हात ठेवून गती शिकवणंही काही नसण्यापेक्षा बरं.

पाण्याखाली गेलेला, खोकलेला, धाप लागलेला प्रत्येक जण डॉक्टरकडे गेला पाहिजे, मग तो चालत का असेना. त्रास काही तासांनी वाढू शकतो. ब ला त्या संध्याकाळी एकटं सोडणं ही प्रकरणातली कुणाच्याच लक्षात न आलेली चूक.

मित्रांसमोर 'नाही' म्हणणं

मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांचा २००५ सालचा एक प्रयोग इथे उपयोगी पडतो. गाडी चालवण्याच्या एका खेळात वेगवेगळ्या वयाचे लोक, काही एकटे आणि काही समवयस्कांसमोर, बसवले. मित्र बघत असताना किशोरांनी घेतलेले धोके बरेच वाढले. मोठ्यांच्या बाबतीत तसा फरक दिसला नाही. म्हणजे एकट्याने विचारलं तर शहाणं उत्तर देणारा मुलगा पाच जणांत तसाच वागेल, असं गृहीत धरता येत नाही. वहीतल्या प्रश्नोत्तरांवर खूश होऊ नका.

वादविवाद करून 'नाही' म्हणणं काठावर जमत नाही. तयार वाक्यं लागतात, लहान, आणि म्हणणाऱ्याची इज्जत न घालवणारी. 'मी दोरीवर बसतो, तुम्ही जा.' 'ए, आधी काडी टाकून बघू.' 'गुडघ्याच्या पुढे कोण गेला तर मी फोन लावणार, आत्ताच सांगून ठेवतो.' आणि चेंडूसाठी, चपलेसाठी, फोनसाठी एकच: 'वाहून गेलं ते नदीचं.' पाण्यात काही पडण्याआधी गटाने हे वाक्य एकदा मोठ्याने म्हटलेलं असलं की अ ला परतायला जागा मिळते. मुलं आपल्या भाषेत याहून चांगली वाक्यं बनवतात, ती घ्या.

हा सराव दोनदा करायचा. पहिल्यांदा शांतपणे. दुसऱ्यांदा बाकीच्यांना चिडवायची पूर्ण मोकळीक देऊन: 'भित्रा', 'आईला विचारून आलास का'. पहिल्यात सगळे पास होतात. दुसऱ्यात निम्म्यांचा आवाज बसतो, आणि शिकणं तिथे सुरू होतं.

काठावरच्याला मान मिळेल अशी व्यवस्था केली तर काम सोपं होतं. ड सारखा मुलगा, जो घाबरतो म्हणून सामान सांभाळतो, तो गटातला पहारेकरी ठरवा: दोरी त्याच्याकडे, फोन त्याच्याकडे, 'बाहेर या' म्हणायचा हक्क त्याचा. पाळी अर्ध्या तासाने बदलायची. पहारेकऱ्याने फोनमध्ये बघायचं नाही, आणि पहारेकऱ्याने पाण्यात जायचं नाही.

बुडालेल्यांची छायाचित्रं, रडणारे आईवडील असलं काही दाखवू नका. धिटाई दाखवायची हौस असलेल्यांवर त्याचा परिणाम उलटाही होतो, आणि ज्यांनी घरातलं माणूस पाण्यात गमावलं आहे अशी मुलं वर्गात असू शकतात.

क्रम आणि चुका

एकूण सहा तासिका पुरतात: प्रकरणाची चर्चा, नदीचं वाचन, फेकण्याच्या दोन, चिडवण्याची एक, आणि तरणतलावातली एक, कपड्यांसकट तरंगण्याची. तलावात चार मुलांमागे एक प्रशिक्षक पाण्यात आणि एक जण काठावर फक्त बघणारा. श्वास रोखून पाण्याखाली लांब जायच्या पैजा तिथे बंद. त्याआधी भराभर श्वास घेतले तर श्वास घ्यायची उबळच उशिरा येते आणि माणूस पाण्याखाली बेशुद्ध पडतो, पोहणं कितीही चांगलं असो.

तलाव शेवटी ठेवला आहे तो मुद्दाम. आधी पोहणं शिकवलं की दोन-तीन तासिकांत मुलांच्या अंगात बळ येतं आणि आठवड्याभरात कुणीतरी ते नदीवर आजमावायला जातो. तलावात तळ दिसतो, कड असते, प्रवाह नसतो. पोहता येणं हवंच, पण ज्याचा हात दोरीला सरावला आहे त्याला आधी ती आठवावी.

नदीवर प्रत्यक्ष नेलं तर कोरड्या काठावरच थांबा, पाण्यात कुणी उतरायचं नाही, शिक्षकांनीसुद्धा. सर गुडघाभर पाण्यात उभे राहून खोली समजावत असतील तर मुलं त्यांचे शब्द विसरतील आणि पाय लक्षात ठेवतील.

तीन महिन्यांनी न सांगता चाचणी घ्या. मधल्या सुट्टीत मैदानाच्या कडेला एकाने शांतपणे बुडण्याचा तो अभिनय करायचा आणि घड्याळ लावायचं. पहिली हाक कुणी मारली, दोरी किती वेळाने सुटली, फोन करणाऱ्याने जागा सांगितली का, आणि कुणी 'पाण्यात' धावलं का. शेवटचं एकदा जरी घडलं तरी चर्चा पुन्हा घ्या. दोऱ्या आणि डबे नदीवर मुलं जिथे जमतात तिथेच खांबाला टांगायचे असतील, तर डब्याला भडक रंग द्या आणि महिन्यातून एकदा तपासायची जबाबदारी एका वर्गाला द्या. दोरी कुणीतरी सामान बांधायला नेणार, हे धरूनच चाला. उन्हात पॉलिप्रॉपिलिन ठिसूळ होतं, म्हणून वर्षाला दोरी बदला. वळवून पाहिल्यावर तंतूंची भुकटी हाताला लागली तर वर्ष व्हायची वाट पाहू नका.